नावे कोण लिहून ठेवते? : खाण-दुर्घटनांच्या स्मृतींच्या अभ्यासाची प्रस्तावना

इंग्लंडच्या ईशान्य भागात, जुन्या नॉर्थंबरलंड परगण्यात, अर्सडन नावाचे गाव आहे. तिथल्या सेंट आल्बन चर्चच्या दफनभूमीत एक दगडी स्तंभ उभा आहे आणि त्यावर २०४ माणसांची नावे त्यांच्या वयांसह कोरलेली आहेत. १६ जानेवारी १८६२ रोजी जवळच्या हार्टली खाणीत इंजिनाची तुळई तुटली आणि ही माणसे दगावली, असे हा स्तंभ सांगतो. नावे वाचू लागले की थोड्याच वेळात एकाच आडनावाची माणसे लागोपाठ भेटू लागतात. बाप, मुलगे, भाऊ, पुतणे. वये पाहिली तर दहा-बारा वर्षांची पोरे आहेत आणि नातवंडे असलेली माणसेही आहेत.

असे स्तंभ, शिला आणि पाट्या ब्रिटनच्या कोळसापट्ट्यात गावोगाव आहेत. त्यांच्यापुढे उभे राहणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो मृत्यूचा: ही माणसे कशी गेली? प्रस्तुत ग्रंथाचा विषय त्यापुढच्या प्रश्नांचा आहे. ही यादी कोणी केली? कोणत्या कागदांवरून केली? दगडाचा खर्च कोणी दिला? काय कोरायचे आणि काय नाही, हे कोणी ठरवले? दीडशे वर्षांनंतर त्या दगडाची निगा कोण राखते, आणि कशासाठी? कामगारांचा इतिहास, अभियांत्रिकी, कायदा, लोकगीते, धर्म आणि स्थानिक इतिहास या सगळ्यांच्या सीमा या प्रश्नांपाशी एकमेकींना भिडतात. खाण-दुर्घटनांच्या स्मृतींचा अभ्यास तिथे सुरू होतो.

या अभ्यासाचे पहिले सूत्र साधे आहे: स्मरण आपोआप होत नाही, ते करावे लागते. त्याला कागद लागतो, पैसा लागतो, वेळ लागतो आणि चिकाटी लागते. ज्यांच्यापाशी हे होते त्यांची आठवण टिकली. ज्यांच्यापाशी नव्हते त्यांची पुसली गेली, किंवा दुसऱ्या कोणीतरी आपल्या सोयीने लिहिली. म्हणून स्मरणालाही स्वतःचा इतिहास असतो. तो कसा वाचायचा, हे हार्टलीच्या उदाहरणावरून या प्रस्तावनेत दाखवायचे आहे.

हार्टलीत काय झाले

न्यू हार्टलीची खाण समुद्राजवळची. जमिनीत पाणी इतके की ते सतत उपसत राहिले तरच काम चाले. त्यासाठी तोंडाशी एक प्रचंड वाफेचे इंजिन बसवले होते. त्याची बिडाची तुळई ४२ टनांची होती. ती विहिरीच्या तोंडावर खाली-वर झुलत राही आणि पंपाचे दांडे ओढी. खाणीत उतरायला हेस्टर पिट नावाची सुमारे १२ फूट व्यासाची एकच उभी विहीर होती. तिच्या मधोमध लाकडी पडदी घालून दोन भाग केले होते. एका भागातून ताजी हवा खाली जाई, दुसऱ्यातून खालच्या भट्टीने तापलेली हवा वर येई. माणसांचा पिंजरा, कोळसा, पंपाचे नळ, हवा, सगळ्यांची ये-जा याच एका विहिरीतून होती.

१६ जानेवारीला, गुरुवारी, सकाळी साडेदहाच्या सुमारास पाळी बदलत होती. दुसऱ्या पाळीची माणसे खाली उतरली होती आणि पहिल्या पाळीतली बहुतेक अजून वर यायची होती, त्यामुळे दोन्ही पाळ्यांचे कामगार एकाच वेळी खाली होते. नेमक्या त्या वेळी तुळई मधोमध तुटली आणि वीस टनांहून जड असा तिचा अर्धा भाग विहिरीत कोसळला. त्याने पडदी फोडली, लाकडे, नळ आणि भिंतीचे दगड सोबत नेले, आणि विहीर मध्येच बुजली. वर येत असलेल्या पिंजऱ्यात आठ जण होते. त्यांतले पाच मेले, तिघे वाचले. उरलेले १९९ जण ढिगाऱ्याखाली अडकले. पंप बंद पडल्याने खालच्या थरात पाणी चढू लागले, तेव्हा ते वरच्या थरात येऊन थांबले.

विल्यम कूलसन हे विहिरी खोदण्यातले नावाजलेले जाणकार. त्यांच्या हाताखाली खोदकऱ्यांनी सहा दिवस रात्रंदिवस काम केले. विहिरीच्या कडा ढासळत होत्या, दोराला लोंबकळत एकेक लाकूड सोडवावे लागत होते, आणि ढिगाऱ्यातून येणाऱ्या वायूने सोडवणारेच बेशुद्ध पडत होते. बुधवारी, २२ जानेवारीला, वाट झाली. खाली एकही माणूस जिवंत नव्हता. हवेचा मार्ग बुजल्यामुळे साचलेल्या कार्बन मोनॉक्साइडने सगळ्यांचा बळी घेतला होता. माणसे ओळीने बसल्या-निजल्या जागी गेली होती. काही मुलांची डोकी बापाच्या खांद्यावर होती.

रविवारी, २६ जानेवारीला, बहुतेकांचे दफन अर्सडनला झाले. दफनभूमी अपुरी पडली, तेव्हा नॉर्थंबरलंडच्या ड्यूकने लगतची जमीन दिली. महिनाभरापूर्वीच विधवा झालेल्या राणी व्हिक्टोरियाने सहानुभूतीचा संदेश पाठवला आणि २०० पौंड दिले. डाउनी या छायाचित्रकार बंधूंकडून तिने तिथली छायाचित्रे काढून घेतली. मदतनिधीत ८० हजार पौंडांहून अधिक रक्कम जमली. कूलसन यांना सुवर्णपदक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना रौप्यपदके देण्यात आली.

एक चिठ्ठी, तीन वाचने

खाणीतल्या जेम्स एमॉस नावाच्या मुकादमाच्या जवळ एक वही सापडली. तिच्यात त्याने शुक्रवारी दुपारी थोडेसे लिहून ठेवले होते: पावणेदोनला प्रार्थना झाली, कोणी कोणी इतरांना धीराचे शब्द सांगितले त्यांची नावे, आणि अडीचच्या सुमारास कोणाकोणाला फार बरे वाटेनासे झाले त्यांचीही नावे. मजकूर मोजक्या ओळींचा आहे. तक्रार नाही, आक्रोश नाही. मुकादम रोज हजेरी लिहितो, त्याच शिस्तीने नाव आणि वेळ लिहिली आहे.

या वहीतल्या ओळींचा उपयोग तीन प्रकारांनी झाला, आणि या अभ्यासात नव्याने येणाऱ्याने तो नीट पाहण्यासारखा आहे. चौकशी करणाऱ्यांसाठी तो मजकूर वेळेचा पुरावा होता. तुळई गुरुवारी सकाळी साडेदहाला तुटली आणि माणसे शुक्रवारी दुपारी अडीचला लिहू-बोलू शकत होती, म्हणजे खाली किमान २८ तास जिवंत माणसे होती. बाहेर पडायला दुसरी वाट असती तर हे २८ तास पुरले असते. धर्मपरायण वाचकांसाठी त्याच ओळी श्रद्धेची साक्ष ठरल्या. त्या भागातल्या खाणवस्त्यांत मेथडिस्ट पंथाचा मोठा प्रभाव होता आणि मरणाच्या दारातही माणसे एकमेकांना प्रार्थनेत आधार देत राहिली, हे त्यांना मोलाचे वाटले. आणि आजच्या इतिहासकाराला त्यात कामगारांचे आपसातले नाते दिसते: कोण बोलत होता, कोणाचे ऐकले जात होते, आणि आपल्यामागे काही राहावे म्हणून कोणी पेन्सिल हातात घेतली.

तिन्ही वाचने खरी आहेत. पण दुर्घटनेच्या आठवणीत यांपैकी कोणते वाचन पुढे येते आणि कोणते मागे पडते, यावर पुष्कळ काही ठरते. श्रद्धेचे वाचन एकटेच उरले की २८ तासांचा प्रश्न विचारायचा राहून जातो. तांत्रिक वाचन एकटेच उरले की माणसे जातात आणि हवेचे गणित तेवढे मागे राहते. चांगला अभ्यासक तिन्ही वाचने हाताशी धरतो.

हार्टलीची वही हा एकच असा कागद नाही. ८ सप्टेंबर १८८० रोजी डरहॅम परगण्यातल्या सीहॅम खाणीत स्फोट झाला आणि १६४ माणसे गेली. तिथे मायकेल स्मिथ या कामगाराने आपल्या पाण्याच्या पत्र्याच्या बाटलीवर बायकोसाठी निरोप खरवडून ठेवला होता. ज्यांच्या हाताने लिहिलेले क्वचितच कुठे जपले गेले, अशा माणसांचे हे लेखन आहे. राजपत्रे आणि दप्तरे यांच्या जोडीला पत्र्याची बाटली हाही इथे दस्तऐवज असतो.

दगड काय सांगतो, काय सांगत नाही

स्मारकशिला हा या अभ्यासाचा सर्वांत उघड पुरावा. तो सर्वांत सावधपणे वाचावा लागतो.

अर्सडनच्या स्तंभावरची वये पाहा. दहा वर्षांखालचे कोणी नाही, आणि एकाही स्त्रीचे किंवा मुलीचे नाव नाही. या दोन्ही गोष्टींमागे १८४२ चा खाण कायदा आहे. त्याने स्त्रिया, मुली आणि दहा वर्षांखालची मुले यांना भूमिगत कामावर ठेवायला बंदी केली. आता यॉर्कशरमधल्या सिल्कस्टोन गावातली शिला पाहा. ४ जुलै १८३८ रोजी, व्हिक्टोरियाच्या राज्याभिषेकानंतर आठवडाही झाला नव्हता तेव्हा, तिथल्या हस्कर खाणीत वादळी पावसाने ओढ्याचे पाणी शिरले आणि २६ मुले बुडाली. त्यांत ११ मुली होत्या. या दोन दुर्घटनांमधले अंतर चोवीस वर्षांचे, आणि त्यांच्यामध्ये एक कायदा उभा आहे. तो कायदा कुठल्याही दगडावर कोरलेला नाही. वये आणि नावे यांतूनच तो वाचावा लागतो.

दुर्घटनेचे कारण सांगताना दगडांची भाषा आणखी बोलकी होते. सिल्कस्टोनची शिला १८४१ ची. तिच्या मजकुरात वादळ देवाने पाठवलेले आहे आणि वाचकाला स्वतःच्या मरणाची तयारी ठेवण्याचा इशारा आहे. मुले खाणीत का होती हा प्रश्न तिथे नाही. अर्सडनचा स्तंभ तुळई तुटल्याचे सांगतो, म्हणजे कारण आकाशातून यंत्रापर्यंत खाली आले. पण खाणीला विहीर एकच होती, हे तोही सांगत नाही. तुळई तुटणे हा अपघात होता. एकच विहीर ठेवणे हा निर्णय होता, आणि तो खर्च वाचवण्यासाठी घेतलेला होता. या दोहोंमधला फरक ओळखणे ही या अभ्यासाची पहिली कसोटी मानायला हवी.

मोजदाद

किती माणसे गेली, हा प्रश्न वरवर सोपा वाटतो. तो तसा नाही. १२ डिसेंबर १८६६ रोजी बार्न्सलेजवळच्या ओक्स खाणीत स्फोट झाला. दुसऱ्या दिवशी, सोडवायला उतरलेली माणसे आत असताना, पुन्हा स्फोट झाला आणि त्यांतली २७ माणसे मारली गेली. इंग्लंडच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी खाण-दुर्घटना. मृतांचा आकडा पुढची दीडशे वर्षे ३६१ असा छापला जात होता. १५० व्या स्मृतिवर्षाच्या निमित्ताने स्थानिक स्वयंसेवकांनी मृत्युनोंदी, दफननोंदी, जनगणनेचे कागद आणि वृत्तपत्रे एकमेकांशी ताडून पाहिली, आणि आकडा ३८३ वर गेला.

हे २२ जण इतकी वर्षे का निसटले, हे समजायला त्या काळच्या कामाची पद्धत पाहावी लागते. खाली किती माणसे उतरली याची काटेकोर नोंद नसे. कामगार एका खाणीतून दुसऱ्या खाणीत सतत ये-जा करत. टोपणनावे चालत, आडनावांची अक्षरे दर कागदावर वेगळी असत. कित्येक मृतदेह वर आलेच नाहीत. ज्याच्यामागे गावात कोणी नव्हते, त्याचे नाव विचारायला कोणी आले नाही. यादीत नाव येण्यासाठी ते सांगणारे माणूस लागते. म्हणून निसटलेल्या नावांचा शोध हा बऱ्याचदा एकट्या, परगावच्या, गरीब माणसांचा शोध असतो.

ओक्सच्या स्मारकांची कालरेषाही अशीच शिकवून जाते. सोडवायला उतरून प्राण गमावलेले अभियंते पार्किन जेफकॉक आणि त्यांचे सहकारी यांच्या गौरवाचे स्मारक १९१३ मध्ये उभे राहिले. खाणीतले कामगार आणि त्यांची कुटुंबे यांना केंद्रस्थानी ठेवणारे ग्रॅहॅम इबसन यांचे शिल्प बार्न्सलेत बसायला २०१७ साल उजाडावे लागले. जेफकॉक यांचे धैर्य वादातीत आहे. पण वीरांना दगड लवकर मिळतो आणि पोटासाठी रोज उतरणाऱ्यांना उशिरा, हा क्रम इतक्या ठिकाणी दिसतो की तो योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

मागे राहिलेले

खाण-दुर्घटनेचा इतिहास पुरुषांच्या नावांनी भरलेला असतो. पण मृत्यूनंतरची सगळी वर्षे बायकांनी काढली. हार्टलीने सुमारे चारशे माणसांचा आधार काढून घेतला; त्यांत विधवा आणि लहान मुले सर्वाधिक. मदतनिधीची दप्तरे हा त्यांच्या आयुष्याचा जवळजवळ एकमेव लेखी पुरावा. कोणाला आठवड्याला किती मिळत होते, मुलाचे वय किती झाल्यावर त्याची मदत थांबली, हे तिथे सापडते. अनेक निधींत विधवेने पुन्हा लग्न केले की मदत बंद होई. देणगी लोकांची होती, पण ती वाटणारी समिती प्रतिष्ठितांची होती, आणि दुःखाबरोबर वागणुकीवरही नजर ठेवली जात होती.

निधीचा उमाळा ओसरल्यावर काय होई, याचे उदाहरण स्कॉटलंडमध्ये आहे. २२ ऑक्टोबर १८७७ रोजी ब्लांटायरच्या खाणीत स्फोट होऊन २०७ माणसे गेली. घरे खाणमालकाची, नोकरीशी बांधलेली. कमावता गेला की घरावरचा हक्कही गेला. पुढच्या वर्षी मे महिन्यात ३४ विधवांना त्या घरांतून बाहेर काढण्यात आले. याचे कागद न्यायालयाच्या दप्तरात सापडतात, स्मारकावर नाहीत. म्हणून या क्षेत्रात काम करणाऱ्याने दफनभूमीपाशी थांबून चालत नाही. त्याला न्यायालयातही जावे लागते.

हार्टलीतून एक टिकाऊ गोष्ट मात्र उभी राहिली. दर दुर्घटनेनंतर देशापुढे हात पसरण्यापेक्षा कामगारांनी आपल्याच वर्गणीतून कायमचा निधी उभारावा, या विचाराने १८६२ मध्येच नॉर्थंबरलंड आणि डरहॅमच्या खाणकामगारांचा कायम मदतनिधी सुरू झाला. त्याचे महत्त्व एका आकड्याने कळते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटनच्या खाणींत दरवर्षी सुमारे हजार माणसे मरत होती, आणि त्यांतली बहुतेक मोठ्या दुर्घटनांत नव्हे, तर एकटी-दुकटी मरत होती. छताचा दगड सुटला, भिंत ढासळली, गाडीखाली माणूस आला. अशा मृत्यूसाठी राणीचा संदेश येत नसे, देशभर वर्गणी होत नसे, स्तंभही उभा राहत नसे. कायम निधीने अशा एकट्या गेलेल्या कामगाराच्या विधवेलाही हक्काचे पैसे दिले. मोठ्या दुर्घटनेचे स्मरण करताना रोजच्या मरणाकडे पाठ फिरू नये, याचे भान अभ्यासकांच्या आधी खाणकामगारांना होते.

गाणी, पेले, निशाणे

लोकांनी आपल्या हाताने केलेले स्मरण हा या क्षेत्राचा सर्वांत समृद्ध भाग आहे. जोसेफ स्किप्सी लहानपणापासून खाणीत काम केलेला कवी. त्याने हार्टलीवर दीर्घ कविता लिहिली. १८८२ च्या फेब्रुवारीत ट्रिमडन ग्रेंज खाणीत स्फोट झाला, तेव्हा टॉमी आर्मस्ट्राँग या खाणकामगार गीतकाराने त्यावर गाणे रचले. मृतांच्या कुटुंबांसाठी पैसे गोळा करणे हा त्याचा हेतू होता. ही गाणी सभेत म्हटली जात, एकेका कागदावर छापून विकली जात. गाणे म्हणजे बातमी, श्राद्ध आणि वर्गणीची पेटी, तिन्ही एकत्र. त्याला केवळ लोकगीत म्हणून वाचले तर त्याचे अर्धे काम दिसतच नाही.

ईशान्य इंग्लंडमध्ये काचेचे स्मृतिपेले होत. साधा पेला किंवा पायाचा ग्लास. त्यावर चाकाने कोरलेले खाणीचे नाव, तारीख, मृतांचा आकडा, कधी एखाद्या मृताचे नाव आणि भोवती पानांची वेल. कोरणाऱ्याचा हात सफाईदार असतोच असे नाही. अक्षरे वाकडी असतात, जागा संपल्याने ओळ दाटीने बसवलेली असते. असा पेला घराच्या फळीवर मांडून ठेवला जाई. चर्चमधला स्तंभ समितीने ठरवला, पण पेला घरातल्या माणसाने विकत आणला. खासगी स्मरणाचा इतका थेट पुरावा क्वचित मिळतो.

आणि निशाणे. दरवर्षी जुलैत भरणाऱ्या डरहॅमच्या खाणकामगार मेळाव्यात प्रत्येक खाणीचे रंगीत रेशमी निशाण वाजतगाजत निघते. ज्या खाणीत त्या वर्षी माणूस दगावला असेल तिच्या निशाणावर काळे वस्त्र बांधण्याची रीत होती. खाणी बंद पडून दशके लोटली, तरी निशाणे अजून निघतात. आपल्या वारीची दिंडी पाहिलेल्या वाचकाला त्या मिरवणुकीचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

अलीकडच्या काळात हे काम स्वयंसेवकांनी उचलले आहे. न्यू हार्टलीत खाणीच्या जागी स्मृतिउद्यान आहे. डरहॅम मायनिंग म्युझियमच्या स्वयंसेवकांनी उत्तर इंग्लंडच्या खाणींत मरण पावलेल्यांची नावे, एकट्या-दुकट्या मृत्यूंसह, नोंदवून सर्वांसाठी खुली केली आहेत. विद्यापीठाबाहेरच्या माणसांनी पुराव्याचा पाया घातला आणि विद्यापीठांनी त्यावर बांधकाम केले, असे ज्या थोड्या क्षेत्रांबद्दल म्हणता येते त्यांपैकी हे एक आहे.

कायदा हेही स्मारक

हार्टलीचे सर्वांत मोठे स्मारक अर्सडनला नाही. ७ ऑगस्ट १८६२ रोजी, दुर्घटनेला सात महिने व्हायच्या आत, ब्रिटिश संसदेने कायदा केला: कोळशाच्या खाणीला बाहेर पडण्याच्या किमान दोन स्वतंत्र वाटा हव्यात आणि दोन विहिरींमध्ये किमान दहा फूट अभंग खडक हवा. नव्या खाणींना तो लगेच लागू झाला आणि जुन्या खाणींना १८६४ अखेरपर्यंत मुदत मिळाली. एका विहिरीत लाकडी पडदी घालून दोन म्हणायची पळवाट बंद झाली. ही मागणी नवी नव्हती. कामगार आणि जाणकार ती आधीपासून करत होते. तिला जोर यायला २०४ माणसे जावी लागली.

हा नियम ब्रिटिश अमलाबरोबर हिंदुस्थानातही आला, आणि स्वतंत्र भारताच्या कोळसा खाणींच्या नियमांतही दोन वाटांची अट आहे. मराठी वाचकाचा या विषयाशी खरा संबंध इथे आहे. व्हिक्टोरियाच्याच काळात चांदा जिल्ह्यात वरोऱ्याला सरकारी कोळसा खाण चालत होती. ती १९०६ मध्ये बंद पडली. पुढे बल्लारपूर, घुग्घुस, वणी, उमरेड असा खाणींचा पट्टा विदर्भात उभा राहिला. १० डिसेंबर १९५४ रोजी छिंदवाडा जिल्ह्यात न्यूटन चिखलीच्या खाणीत पाणी घुसून साठाहून अधिक कामगार गेले. सौंसर-पांढुर्ण्याचा मराठी बोलणारा मुलूख तेव्हा याच जिल्ह्यात होता. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत असेच पाणी शिरून ३७० हून अधिक माणसे बुडाली. हार्टलीबाबत जे प्रश्न इंग्लंडमध्ये दीडशे वर्षे विचारले गेले, ते सगळे इथेही विचारता येतात: यादी कोणी केली, कंत्राटी कामगार तिच्यात आले का, विधवांचे पुढे काय झाले, कोणती गाणी झाली आणि ती कोणाच्या ओठांवर आहेत. चंद्रपूर-यवतमाळच्या खाणवस्त्यांत याची उत्तरे देणारी माणसे आज हयात आहेत.

अभ्यासाला सुरुवात करताना

या क्षेत्रात यायला इतिहासाची पदवी लागत नाही. खाण अभियंता, वकील, गीतसंग्राहक, शाळाशिक्षक, निवृत्त कामगार, ज्याच्या घरात एखादे नाव अजून निघते तो नातू, या सगळ्यांचे इथे काम आहे आणि स्वागत आहे.

सुरुवात एका नावापासून करावी. यादीतले कोणतेही एक नाव घ्यावे आणि ते पाच ठिकाणी शोधावे: दफन किंवा दहनाच्या नोंदीत, चौकशीच्या कागदांत, वृत्तपत्रात, मदतीच्या दप्तरात आणि दगडावर. पाचही ठिकाणी ते सारखे सापडणार नाही. कुठे वय बदलेल, कुठे अक्षर बदलेल, कुठे नावच नसेल. ही विसंगती चूक म्हणून टाकून देऊ नये. कोणी, कोणासाठी आणि कोणत्या घाईत लिहिले, हे तिथेच कळते. त्यानंतर ज्यांचे नाव कुठल्याच यादीत नाही त्यांच्याकडे वळावे: घर सांभाळणारी स्त्री, जखमी होऊन जन्मभर अंथरुणाला खिळलेला माणूस, दुर्घटनेच्या आदल्या आठवड्यात छताखाली सापडून एकटाच गेलेला कामगार.

या ग्रंथातले लेख वेगवेगळ्या देशांतले आणि काळांतले असले तरी त्यांची दिशा एक आहे. मृतांचा मान राखणे आणि मृत्यूचे कारण विचारणे ही दोन वेगळी कामे नाहीत, असे आम्ही मानतो. हार्टलीच्या माणसांना फुले वाहणाऱ्या प्रत्येक पिढीने एकच विहीर का होती हेही विचारले, तेव्हा ते स्मरण पूर्ण झाले. कोळसा आजही जमिनीतून निघतो आणि माणसे आजही खाली उतरतात. त्यांच्यासाठी दुसरी वाट मोकळी आहे का, हे तपासत राहणे हा या अभ्यासाचा सर्वांत उपयोगी भाग आहे, आणि त्यात वाचकाने सामील व्हावे, एवढ्यासाठी ही प्रस्तावना.